ज्योत्स्नाबाईंचं जमलं कसं? हौशी नाटकवाल्यांसाठी एक प्रकरण

1 जुलै 1933 ला मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' नावाचं नाटक लागलं. नाट्यमन्वंतर ही नवी संस्था, श्री. वि. वर्तकांनी नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावरून केलेलं मराठी रूप, आणि त्यात बिंबाचं काम करणारी मुलगी 19 वर्षांची. गोव्यातल्या बांदिवड्याची, माहेरचं नाव दुर्गा केळेकर, नुकतंच संगीतकार केशवराव भोळ्यांशी लग्न झालेलं, म्हणजे आता ज्योत्स्ना भोळे. नऊ वर्षांनी, 1942 ला, हीच बाई 'कुलवधू'ची भानुमती झाली आणि 'बोला अमृत बोला' घराघरात गेलं. ह्या दोन तारखांच्या मधे आणि आजूबाजूला काय काय जुळून आलं म्हणून एका लग्न झालेल्या बाईचं नाटकातलं करिअर उभं राहिलं, एवढाच ह्या प्रकरणाचा विषय आहे. गाण्याचं कौतुक करायला दुसरे लोक आहेत, मला गाण्यातलं फार कळतही नाही.

हे प्रकरण का घेतलं ते सांगतो. आमच्याकडं, म्हणजे परभणी, नांदेड, लातूर कुठंही घ्या, हौशी ग्रुपमधे स्क्रिप्ट निवडायला बसलं की पहिला प्रश्न गोष्ट काय हा नसतो, "बायका किती?" हा असतो. दोनच्या वर असल्या की स्क्रिप्ट बाजूला. मग कुणीतरी जाणकार चेहरा करून म्हणणार, आपल्याकडं मानसिकताच नाही हो, पुण्या-मुंबईचं वेगळं आहे. हे मानसिकता प्रकरण मला पटत नाही. तो शब्द टाकला की पुढं कुणाला काही करावं लागत नाही. मुंबईत तरी मानसिकता आधी बदलली आणि मग बाई स्टेजवर आली असं झालं का? मला तर उलटं दिसतं.

आधीचा हिशोब

जुन्या नाटक कंपन्यांमधे बायकांची कामं पुरुष करायचे हे सगळ्यांना माहीत आहे, बालगंधर्वांचं शालू नेसणं बघून बायका फॅशन उचलायच्या वगैरे. पण तेव्हा बायका स्टेजवर नव्हत्याच असं नाही. नुसत्या बायकांच्या मंडळ्या होत्या, त्यात पुरुषांची कामंसुद्धा बायका करायच्या. 1929 ला हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची कंपनी काढून बायका आणि पुरुष एकत्र स्टेजवर आणले. म्हणजे ज्योत्स्नाबाई पहिल्या नव्हत्या. "पहिली"च्या भांडणात मला रसही नाही, कारण त्या भांडणात हमखास कुणीतरी बाई गाळली जाते, त्यावर पुढं येतो.

मुद्दा कंपनीच्या राहणीचा आहे. कंपनी म्हणजे फिरतं बिऱ्हाड. पन्नास-साठ माणसं, एकत्र मुक्काम, एकत्र पंगत, आज ह्या गावाला महिनाभर, पुढं दुसऱ्या गावाला, नाटक रात्री उशिरा सुरू होणार आणि पदांना वन्समोअर पडत पडत पहाटेपर्यंत चालणार. आता ह्यात लग्न झालेली, घरी सासू किंवा लेकरू असलेली बाई बसणार कुठं? एक तर ती मालकाच्या घरातली पाहिजे, नाहीतर समाजानं जिला आधीच आपल्या उंबऱ्याबाहेर ठेवलंय अशी. हिंमत कमी होती म्हणून बायका नव्हत्या असं म्हणणं म्हणजे ज्या घराला जिनाच नाही त्याच्या माडीवर चढत नाही म्हणून माणसाला भित्रा म्हणण्यासारखं आहे.

मग 1931 ला 'आलम आरा' हा बोलपट आला, 1932 ला प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा', त्यात दुर्गा खोटे, म्हणजे चांगल्या खात्यापित्या घरची शिकलेली बाई राणी म्हणून पडद्यावर. लोकांनी खरी बाई बाईच्या कामात बघितली, तिचा आवाज ऐकला. त्यानंतर साडीतला पुरुष, कितीही गोड गाणारा असो, डोळ्याला खटकायला लागणारच. त्यात नाटकाची थिएटरं धडाधड सिनेमाची झाली आणि कंपन्या कर्जात बुडाल्या. हे बोलायला जरा वाईट वाटतं पण खरं आहे, बाईला नाटकात नीट जागा मिळाली ती नाटकाचा धंदा बसायला लागल्यावर. भरभराटीच्या काळात तिची कुणाला गरज वाटली नव्हती. शेवटी खुद्द गंधर्व कंपनीत सुद्धा 1930 च्या दशकाच्या अखेरीला गोहरबाई कर्नाटकी आल्याच की.

1933 चं नाटक, आणि नंतरची शांतता

'आंधळ्यांची शाळा'च्या मुळात जो प्रश्न आहे तो असा, की लग्नाआधी मुलीनं शुद्ध राहावं अशी अपेक्षा असेल तर तीच अपेक्षा मुलाकडून का नको. हा प्रश्न साडी नेसलेल्या पुरुषानं विचारला असता तर पिटातून शिट्ट्याच आल्या असत्या. म्हणजे नाटकाच्या विषयालाच बाई पाहिजे होती. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, आपण नेहमी म्हणतो नाटकाला बाई मिळाली, इथं उलट बाईला तिचं नाटक मिळालं. घरातली खोली, साधं बोलणं, पदांची खैरात नाही, मोजकी गाणी. दुसऱ्या स्त्रीभूमिकेत पद्मावती वर्तक, म्हणजे नाटककाराच्याच घरच्या. आणि ज्योत्स्नाबाईंचा नवरा ह्याच नाटकाचा संगीतकार. दोघीही घरातल्या दारानं स्टेजवर आल्या. हे मी त्यांना कमी लेखायला सांगत नाही, पण केस बघायची तर हे लिहून ठेवावं लागतं, की 1933 ला मुंबईसारख्या शहरात सुद्धा बाईसोबत घरचा माणूस असणं हाच सगळ्यात मोठा परवाना होता.

आणि तरी बघा. नाटकाचं नाव झालं, पेपरात कौतुक, आजसुद्धा मराठी नाटकाचा इतिहास लिहिणारा ह्या तारखेला थांबतोच थांबतो, पण नाट्यमन्वंतर फार वर्षं टिकली नाही. केशवराव प्रभातमधे संगीत द्यायला गेले, प्रभात तेव्हा कोल्हापूरहून पुण्याला आलेली, पुढं 'अमृतमंथन', 'संत तुकाराम', 'कुंकू' ही त्यांची कामं. इकडं ज्योत्स्नाबाईंकडं आवाज होता, वय होतं, नाव झालेलं होतं, घरचा विरोध नव्हता, मुंबई-पुण्यातली मानसिकता म्हणाल तर तीही टाळ्या वाजवून मोकळी झालेली. नव्हतं काय, तर रोज नाटक लावणारी संस्था नव्हती. एकटी बाई कितीही गुणी असली तरी ती स्वतःच्या अंगणात उभं राहून नट होऊ शकत नाही, गायक होऊ शकते, आणि ज्योत्स्नाबाईंच्या मैफली होत्याच.

रांगणेकरांनी काय केलं

1941 ला मो. ग. रांगणेकरांनी नाट्यनिकेतन काढलं. माणूस मूळचा पत्रकार, त्यामुळं लांबण आवडायची नाही बहुतेक (हा माझा अंदाज). त्यांनी जे बदल केले ते सगळ्या पुस्तकात रंगभूमीची क्रांती वगैरे म्हणून दिलेले असतात, मी त्याच बदलांकडं काम करणाऱ्या बाईच्या बाजूनं बघायलो.

एक अंक एक प्रवेश. म्हणजे पडदे वरखाली करत बसायचं नाही, जंगल-दरबार-रस्ता असं काही नाही, एक दिवाणखाना लावला की झालं. नाटक तीनेक तासात आटोपतं. पहाटेचं नाटक मध्यरात्रीच्या आत आलं की शहरात घर असलेल्या बाईला त्याच रात्री स्वतःच्या घरी जाता येतं आणि सकाळी लेकराचा डबा करता येतो, हा एवढा साधा हिशोब नाट्यशास्त्राच्या पुस्तकात कुठं येत नाही पण मला वाटतं सगळ्यात मोठा हिशोब हाच असणार. गाणी मोजकी, त्यामुळं गाणारी बाई रात्रभर गळा फाडून दुसऱ्या दिवशी आडवी होत नाही. गोष्ट मध्यमवर्गीय घरातली, म्हणजे शालू-दागिन्यांचे पेटारे नकोत.

आणि मग भूमिका. 'कुलवधू'तली भानुमती ही घरातली सून, सिनेमात काम करून नाव आणि पैसा दोन्ही मिळवते, आणि नवऱ्याला ते झेपत नाही. 1942 साल, बाहेर चले जावची धामधूम, आणि आत स्टेजवर एक नटी नटीचंच काम करतेय, प्रेक्षकात बसलेले नवरे आपल्या बायकांकडं चोरून बघत असतील की नाही? खऱ्या आयुष्यात ज्योत्स्नाबाईंचा नवरा ह्याच लाईनमधला, बायकोच्या गाण्यामागं उभा राहिलेला, आणि नाटकातला नवरा नेमका उलटा. लोकांना तो पेच बघायचा होता आणि बाईच्या तोंडून ऐकायचा होता. संगीत मास्टर कृष्णरावांचं, गंधर्व कंपनीत मुरलेला माणूस, (आडनाव फुलंब्रीकर, जन्म आळंदीचा असला तरी आडनावात आमची फुलंब्री आहे, तेवढं तरी श्रेय घेऊ द्या). त्यामुळं जुन्या संगीत नाटकाचा प्रेक्षकसुद्धा तुटला नाही, त्याला गाणं मिळालं, नव्याला नाटक मिळालं.

पुढं दहा-पंधरा वर्षं त्या नायिका म्हणून उभ्या राहिल्या. पन्नासच्या दशकात मामा वरेरकरांच्या 'भूमिकन्या सीता'तलं 'मानसी राजहंस पोहतो' गायल्या तेव्हा त्यांचं वय चाळिशीच्या आसपास. नटीचं करिअर पंचविशीत संपतं ह्या समजाला हे एक उत्तर आहे. 2001 ला त्या गेल्या, पुण्यात हिराबागेपाशी त्यांच्या नावाचं सभागृह आहे, आमच्यातले बरेच जण तिथं नाटक बघून आलेत आणि नाव कुणाचं ते विचारलेलं नाही.

त्याच वर्षांत आमच्याकडं

आता नकाशावर मनमाडला बोट ठेवा. मुंबईहून मनमाडपर्यंत मोठी लाईन, तिथून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारी निजामाची मीटर गेज. म्हणजे मनमाडला सगळं सामान उतरवायचं आणि दुसऱ्या गाडीत चढवायचं. लातूरला यायचं तर कुर्डुवाडीला उतरून बार्शी लाईट रेल्वेची त्याहून बारकी गाडी. कपड्यांचे ट्रंक, सेटच्या फ्रेमा, पेटी-तबला, हे सगळं हमालाच्या डोक्यावर दोनदा. सरहद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. तिकिटाचे पैसे येणार हाली शिक्क्यात, म्हणजे निजामाच्या चलनात, जिथं सात हालीचे सहा इंग्रजी रुपये होतात, म्हणजे धंदा झाला तरी परत जाताना सातातला एक रुपया गळाला. आणि वरून गश्ती निशाण 53 हा निजाम सरकारचा हुकूम, सभा-संमेलन काहीही करायचं तर आधी परवानगी. चार माणसं जमली तरी फौजदार विचारणार, नाटकाला तर चारशे येतात. शाळेतलं शिक्षण उर्दूतून. 1946 नंतर तर रझाकारांच्या भीतीनं लोक गाव सोडून सरहद्दीपलीकडं राहायला गेले, तिथं नाटकाचं काय घेऊन बसलात.

म्हणून मला राग येतो जेव्हा आमचेच लोक म्हणतात आपण मागास म्हणून आपल्याकडं ज्योत्स्ना भोळे झाली नाही. अहो, मुंबईतसुद्धा ती झाली कारण तिथं शहर होतं, तिकीट काढणारा मध्यमवर्ग होता, रात्री चालणारी ट्राम-लोकल होती आणि एका माणसानं नाटक तीन तासात बसवलं. ह्यातली एकसुद्धा गोष्ट 17 सप्टेंबर 1948 च्या, म्हणजे निजामाचं राज्य संपायच्या आधी परभणीत नव्हती, आणि नंतरही एकदम आली नाही. 1954 ला मुंबई राज्याची नाट्यस्पर्धा सुरू झाली तेव्हा आम्ही अजून हैदराबाद राज्यातच होतो, 1 नोव्हेंबर 1956 ला मुंबई राज्यात आलो. आमची सुरुवातच दुसऱ्या अंकापासून झाली.

मग आमच्याकडं बाईचं काम कोण करायचं? शाळा-कॉलेजच्या गॅदरिंगला पोरंच. आणि थोडी ऐपत असलेली हौशी मंडळी नटी बाहेरून आणायची, पुण्याहून, कोल्हापूरहून, नाईटवर, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे ठरवून. ह्या बायकांचं काम काय होतं ते नीट बघा. गाजलेल्या नाटकांची पाठ असलेली कामं घेऊन त्या फिरायच्या. प्रयोगाच्या आदल्या दिवशी नाहीतर त्याच दिवशी उतरायचं, ज्या वकील, मास्तर, तलाठी मंडळींसोबत काम करायचं त्यांची तोंडं पहिल्यांदा बघायची, एक धावती तालीम, रात्री प्रयोग, हिरो वाक्य विसरला तर सावरून न्यायचं आणि सकाळच्या गाडीनं पुढच्या गावाला. सगळं नाटक तिच्या जिवावर, आणि उतरायची सोय कुठं करायची ह्यावर गावात कुजबुज. हे सुद्धा शतकाच्या मध्यावरचं नटीचं करिअरच आहे, नाईटचे पैसे मोजून घेऊन घर चालवणारं. पण ह्यांच्या नावाचं सभागृह कुठं नाही.

आणखी एक गोष्ट, जी बोलली की आमच्या ग्रुपमधे सगळे गप्प होतात. "कुलीन बाई स्टेजवर आली" असं आपण 1933 बद्दल कौतुकानं म्हणतो, त्यातला कुलीन हा शब्द कुणाला बाहेर ठेवतो? नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत तमाशाचे फड पिढ्यानपिढ्या येतात, तिथं बाई स्टेजवर होतीच, गात होती, नाचत होती, वगात बोलत होती, हजारो माणसांना रात्रभर धरून ठेवत होती. मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला बाई स्टेजवर बघायची सवय नव्हती हे साफ खोटं आहे. आपल्या घरची बाई बघायची सवय नव्हती. हा फरक केला की मानसिकता शब्दाचा निम्मा फुगा फुटतो, उरलेला निम्मा मात्र खरा आहे आणि तो आपल्या अंगावर येतो.

दुसरी वाट पण होती, ती सांगितल्याशिवाय प्रकरण पुरं होत नाही. जयराम आणि जयमाला शिलेदारांनी 1949 ला मराठी रंगभूमी ही संस्था काढली, जुनं संगीत नाटक घेऊन फिरायचं ठरवलं, पुढं मुलीही त्यातच. रांगणेकरांनी नाटक घराजवळ आणलं, शिलेदारांनी घरच नाटकाबरोबर फिरवलं. जयमालाबाईंना 2013 ला पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी त्या गेल्या. करिअरच्या लांबीनं बघितलं तर ही वाट पहिलीपेक्षा कमी नाही, पण त्यासाठी नवरा-बायको-लेकरं सगळी एकाच वेडाची पाहिजेत. असं घर जिल्ह्याला एखादं सापडेल, त्यावर ग्रुप चालत नाही.

मग आपण काय उचलायचं

मी ग्रुपमधे हे सगळं सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, म्हणजे आता आम्ही रांगणेकर व्हायचं का. नाही बाप्पा. आपल्या तालमी रात्री नऊला सुरू होतात, दुकानाचं शटर पडल्यावर, आणि बारा-साडेबारापर्यंत चालतात, गावाबाहेरच्या मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत, जिथं बायकांना वेगळी बाथरूम सुद्धा नाही. आणि आपण म्हणायलो पोरी येत नाहीत. ज्या बँकेतल्या मॅडमना दोनदा विचारलं आणि त्या नाही म्हणाल्या, त्यांनी नाटकाला नाही म्हटलं नव्हतं, साडेबाराला नाही म्हटलं होतं. ज्योत्स्नाबाईंच्या केसमधून मला हीच एक गोष्ट जशीच्या तशी इकडं आणता येईल असं वाटतं, घड्याळ. गळा आणता येत नाही, केशवराव आणता येत नाहीत, मुंबईचा प्रेक्षक तर नाहीच.

म्हणून ह्यावेळी तालीम संध्याकाळी सहा ते साडेआठ, शाळेच्या वर्गात, हेडमास्तरांना भेटून किल्ली घेतलीय. आणि स्क्रिप्ट निवडताना प्रश्न उलटा केला, बायकांचं काम नुसतं चहा आणून ठेवण्याचं असेल तर ते बाजूला. कारण दोन मिनिटाच्या एंट्रीसाठी कुणी का म्हणून घरी भांडून यावं, भानुमती मिळणार असेल तर बाई भांडेल सुद्धा. मॅडम आल्या, त्यांच्यासोबत डी.एड. झालेली एक पोरगी आली, अजून एक आशा वर्कर ताई येते म्हणाल्यात पण त्यांचे सर्व्हे संपल्यावर.

भांडण आता पुरुषांच्या बाजूनं सुरू झालंय. आमचा हिरो मेडिकलवाला, सहा ते नऊ त्याचा गिऱ्हाइकीचा टाईम, तो म्हणतो बायकांसाठी माझा धंदा बुडवायलात. त्याला मी सांगितलं, बायकोला काउंटरवर बसव. तर म्हणाला, तिला नाटकात यायचंय.